महिला गटातले मेत्री सर

यशपाल मेत्री यांचा जन्म एकोणीसशे त्र्याहत्तर साली झाला याबद्दल आजवर कुणीही हरकत घेतली नव्हती. शाळेनं घेतली नाही, सरकारनं घेतली नाही. साधनाच्या माहेरच्यांनी लग्न ठरवताना बाकी पुष्कळ हरकती घेतल्या, पण ही नाही. आणि त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर त्यांनी एक अर्ज उघडला, 'जन्मवर्ष' या चौकोनावर टिचकी मारली, तर जी यादी खाली घरंगळली ती एकोणीसशे नव्वदला येऊन थांबली. सरांनी ती वर नेली, पुन्हा खाली आणली. नव्वदच्या खाली नुसता पांढरा पडदा. त्या अर्जाच्या मते मेत्री सर कधी जन्मलेच नव्हते.

अर्ज होता हुबळीच्या एका नव्या मॉलमध्ये भरणाऱ्या व्हिडिओ गेमच्या जत्रेचा. पेपरातून पडलेल्या रंगीत कागदावर सगळं छापलं होतं: नवे गेम, जुने गेम, आणि रविवारी पडत्या ठोकळ्यांच्या गेमची स्पर्धा. तीही जुन्या उभ्या मशीनवर, काठीच्या टोकाला लाल गोळा असलेल्या. तो लाल गोळा बघून सरांच्या उजव्या तळहाताला घाम आला.

हे वाचून मेत्री सर म्हणजे कुणी उडाणटप्पू गृहस्थ असतील असं वाटायचं. तसं मुळीच नाही. धारवाडातल्या एका कॉलेजात ते परीक्षा विभागाचे अधीक्षक. चिठ्ठ्या पकडणारे पुष्कळ असतात, पण दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहायला बसलेला डमी ओळखावा तो मेत्री सरांनीच. ते तोंडाकडं बघतच नसत, कानाकडं बघत. दाढी वाढवता येते, चष्मा घालता येतो, कान कुठं नेणार? अशा अकरा कानांना त्यांनी आजवर परीक्षा हॉलच्या बाहेर काढलं होतं.

तर अशा माणसाला व्हिडिओ गेमचा नाद होता. कॉलेजात असताना हुबळीच्या जुन्या बसस्टँडमागच्या पार्लरमध्ये लागलेला, आणि लग्न, नोकरी, बढती, मधुमेह या सगळ्यांना पुरून उरलेला. टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आला तेव्हा त्यांनी रणगाडे फोडले, फोनवर साप आला तेव्हा साप पाळला, मिठाया आल्या तेव्हा मिठाया जुळवल्या, आणि अलीकडं मोटारी पळवत होते. या सगळ्यात ते यथातथाच होते, हे त्यांनाही ठाऊक होतं. फक्त पडत्या ठोकळ्यांत त्यांचा हात धरणारा हुबळीत कुणी नव्हता. वरून ठोकळे पडणार, ते फिरवून एकमेकांत बसवायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. आयुष्यभर फायली रचणाऱ्या माणसाला यात काय सुख मिळतं ते ज्यानं फायली रचल्या नाहीत त्याला सांगून उपयोग नाही.

अडचण एकच होती. मनीषा.

मनीषा ही मेत्री सरांची एकुलती एक मुलगी. वय बावीस. केएएसची, म्हणजे कर्नाटक प्रशासकीय सेवेची, पूर्वपरीक्षा पास होऊन मुख्य परीक्षेच्या तयारीला बसलेली. रायापूरच्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्या बरोबर खाली तिचं टेबल. पहाटे पाचला बसायची ती जेवणापुरती उठायची. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तिनं आपला फोन बंद करून आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, परीक्षा होईपर्यंत हा तुझ्या कपाटात." मग वडिलांकडं वळली. सर तेव्हा सोफ्यावर बसून एका निळ्या मोटारीला वळण देत होते.

"अप्पा, तुम्ही खेळत बसता ना, त्याचा आवाज बंद असला तरी मला कळतं. तुमचा अंगठा ऐकू येतो."

सरांना ते फार लागलं. त्यांनी त्या फोटोसमोरच शब्द दिला की, मनीषाची परीक्षा होईपर्यंत फोनवर गेम खेळणार नाही. आणि पाळला. दोन महिने त्यांच्या अंगठ्याला नुसता भात कालवण्याचं काम उरलं होतं.

आता परीक्षा विभागातला माणूस नियम वाचतो तो अक्षरशः वाचतो. 'फोनवर' गेम खेळणार नाही. मॉलमधलं मशीन हा फोन आहे का? नाही. हा मुद्दा त्यांना बुधवारी सुचला आणि गुरुवारपर्यंत तो त्यांना बिनतोड वाटू लागला. एखादा विद्यार्थी असा मुद्दा घेऊन समोर आला असता तर सरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

त्यांनी कागदावरच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडं एक मुलगी होती.

"सर, मगळिगा, मगनिगा?" मुलीसाठी की मुलासाठी, असं तिनं कानडीत विचारलं.

"नाही, म्हणजे... एका ओळखीच्यांसाठी. त्यांचा जन्म त्र्याहत्तरचा आहे."

मग ती मुलगी फार मायेनं म्हणाली, "सर, आजोबांना घेऊन या. बघायला सगळ्यांना फ्री आहे."

सरांनी फोन ठेवला आणि रंगीत कागदाची घडी करून खिशात घातली.

संध्याकाळी शेजारचे वेंकटेश कट्टी फाटकाशी भेटले. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. आता त्यांचं पूर्णवेळ काम म्हणजे सल्ला. सरांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "ऑनलाइन अर्जात जन्मवर्ष बसत नसेल तर काय करतात हो, कट्टी?"

"कसला अर्ज री?"

"असाच. आमच्या एका मित्राचा."

"मित्राला सांगा, अॅफिडेव्हिट करायचं. नोटरी. मग गॅझेट. माझ्या साडूचं वय असंच चुकलेलं, चार वर्षं लागली, पण झालं बघा. साडू गेला त्याच्या आदल्याच महिन्यात आलं गॅझेट."

"रविवारच्या आत हवंय."

"मग पुंडलिककडं जा," कट्टी म्हणाले. "त्याला गॅझेट लागत नाही."

पुंडलिक हा अळणावरकडचा. रायापूरच्या बसस्टॉपसमोर त्याचं अर्ज भरून द्यायचं दुकान. जमिनीचा उतारा, रेशन कार्ड, शिष्यवृत्ती, केएएस, सगळं एका खुर्चीवर. मनीषाचाही अर्ज त्यानंच भरला होता. सरांनी दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून रंगीत कागद पुढं केला. पुंडलिकनं तो वाचला, सरांकडं पाहिलं, परत वाचला.

"तुमी खेळणार, सर?"

"हळू बोल."

"जन्मसाल बसंना की हो." त्यानं दोन-चार बटणं दाबली. "पोरीचं घालूया काय? मनीषाची सगळी माहिती हाय माज्याकडं. फोटो हाय, सही हाय, आधार हाय. थितं कोण बघूलंय नाव? गेम बघत्यात."

इथं मेत्री सरांनी उठायला हवं होतं. 'छे, भलतंच काय' एवढे तीन शब्द बोलायला हवे होते. ते गप्प बसले. डमी पकडल्यावर ते स्वतःच नेहमी म्हणत, जो गप्प बसतो तो अर्धा कबूल झालेला असतो. पुंडलिकच्या छपाई यंत्रातून ओळखपत्र बाहेर आलं, अजून गरम होतं. त्यावर मनीषाचा केएएसच्या अर्जातला करारी फोटो, खाली नाव 'मनीषा वाय. मेत्री', आणि त्याखाली ठळक अक्षरांत: महिला गट.

"हे महिला गट काय?"

"ते आपोआप येतंय, सर. लिंग बघून."

"मग बदल की!"

"आता बदलत नाही. सबमिट झालं."

शुक्रवारी सर अर्धी रजा टाकून हुबळीला गेले. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर जत्रेचं तात्पुरतं ऑफिस होतं, आणि तिथं गळ्यात कार्ड लटकवलेला विनायक नावाचा पंचविशीतला व्यवस्थापक होता. सरांनी दुरुस्तीचा अर्ज रीतसर लिहून नेला होता: विषय, संदर्भ, महोदय. विनायकनं तो दोन्ही बाजूंनी बघितला. एवढा व्यवस्थित कागद त्याच्या टेबलावर बहुधा पहिल्यांदाच आला होता.

"सर, दुरुस्तीसाठी उमेदवार स्वतः यायला पाहिजे. मनीषा मॅडमना पाठवा."

"मॅडम येऊ शकत नाहीत."

"मग नाव काढून टाकू?"

'हो' म्हणून सुटायची ही दुसरी संधी. पण विनायकच्या पाठीमागं दोन माणसं ते मशीन आत आणत होती. निळं, उभं, पडद्याची काच थोडी बाहेर फुगलेली. सर म्हणाले, "राहू द्या. बघू."

शनिवारी त्यांनी घरी सांगितलं की उद्या हुबळीला एका परीक्षेची ड्यूटी आहे. त्यात शब्दशः खोटं काय होतं याचाही ते विचार करून बसले होते, पण कुणी विचारलंच नाही. उलट झालं ते भलतंच. रविवारी सकाळी मनीषा अभ्यासावरून उठली, त्यांचा पांढरा शर्ट घेऊन स्वतः इस्त्री केली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही ड्यूटीवर असता तेव्हा मला बरं वाटतं. हॉलमध्ये कुणीतरी प्रामाणिक माणूस आहे असं वाटतं."

साधनानं डबा दिला. चपाती, मेथीची भाजी, बाजूला शेंगदाण्याची चटणी. सरांनी डबा घेतला. वर फोटोकडं त्यांना बघवेना म्हणून ते खाली बघत चपला शोधू लागले, आणि चपला पायातच होत्या.

बसमध्ये त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं: खेळायचं नाही. नुसतं बघून यायचं. मशीनला एकदा हात लावायचा आणि परत.

मॉलच्या दाराशी टेबल होतं. तिथल्या माणसानं ओळखपत्रावरची क्यूआर कोडची चौकट फोननं टिपली, टुक्क आवाज आला, आणि त्यानं सरांच्या मनगटावर गुलाबी पट्टी बांधली. एकदाही त्यानं मान वर केली नाही. सुटलो, असं सरांना वाटलं आणि लगेच संतापही आला. ही काय तपासणी झाली? फोटो बावीस वर्षांच्या मुलीचा, समोर बावन्न वर्षांचा मिशीवाला, आणि कान तर बघितलेच नाहीत! कॉलेजात अशी ढिलाई झाली असती तर त्यांनी मेमो काढला असता. तक्रार करावी असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. कुणाविरुद्ध, ते आठवल्यावर ते पुढं सरकले.

'नुसतं बघायचं' हे गुलाबी पट्टीवाल्यांच्या रांगेत शक्य नव्हतं. मागून ढकलत ढकलत रांग व्यासपीठाशी आली. वर मोठा पडदा, त्यावर नाव झळकलं, आणि निवेदक ओरडला, "नेक्स्ट, धारवाडच्या मनीषा मेत्री!" सर चढले. निवेदकानं कागद बघितला, सरांकडं बघितलं, कागद बघितला.

"सॉरी, मनीष मेत्री! प्रिंटिंग मिस्टेक!"

विनायक धावत आला. सरांना वाटलं, आता हा उतरवणार, आणि उतरवलं तर बरंच. पण तो हळूच म्हणाला, "सर, लिस्ट हेड ऑफिसवरून लॉक झालीय. सिस्टीममध्ये नाव आहे, आता तुम्ही नाही खेळलात तर पुढचं सगळं अडकतं. खेळून टाका."

सरांनी लाल गोळ्यावर हात ठेवला.

पहिल्या फेरीत समोर कॉलेजची एक मुलगी होती. ती हसत हसत हरली आणि सरांबरोबर फोटो काढून गेली. दुसऱ्या फेरीत केशवापूरच्या एक बाई होत्या. त्या हरल्यावर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही महिला गटात कसे हो?" सर म्हणाले, "आपोआप आलं. लिंग बघून." हे बोलून झाल्यावर त्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला, पण तोवर बाई निघून गेल्या होत्या. तिसऱ्या फेरीत अकरा वर्षांची एक मुलगी होती, दोन वेण्या घातलेली. तिच्याशी हरायचं असं सरांनी अगदी नक्की ठरवलं होतं. पण हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ठोकळे पडत गेले, हात बसवत गेले. मुलगी हरली, ओठ मुडपून उभी राहिली आणि मग हमसून हमसून रडू लागली. तिच्या आईनं सरांकडं अशा नजरेनं बघितलं की सरांनी आपल्या डब्यातली चटणी देऊ केली. आईनं ती घेतली नाही.

आणि सर अंतिम फेरीत गेले.

इकडं रायापूरला साधनानं कपाट उघडलं. दर रविवारी दुपारी ती मनीषाचा फोन पाच मिनिटं चालू करून परीक्षेची काही सूचना आली आहे का बघत असे. सूचना आली होती: 'प्रिय मनीषा, अभिनंदन! महिला गटाची अंतिम फेरी दीड वाजता. आपले ओळखपत्र सोबत ठेवा.' खाली हुबळीतला पत्ता होता. पुंडलिकनं नंबरही मनीषाचाच घातला होता.

मनीषानं तो संदेश तीनदा वाचला. कुणीतरी आपलं नाव, आधार, सही वापरून कुठल्याशा परीक्षेला बसलंय, असंच तिनं धरलं. तसं प्रकरण उघडकीला आलं की मूळ उमेदवाराचीही चौकशी होते, नाव अडकतं, निकाल रोखतात. हे तिला कुणी सांगितलं होतं? तिच्या वडिलांनीच, शेकडो वेळा, जेवताना. साधनानं नवऱ्याला फोन लावला. तो लागेना. ड्यूटीवर असताना सर फोन बंद ठेवतात याचं त्या माउलीला त्याही क्षणी कौतुक वाटलं. मग ती कट्टींच्या दारात गेली. कट्टींनी पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "गाडी काढतो," म्हणाले. दुसऱ्याच्या भानगडीला ते कधी उशिरा पोचले नव्हते.

अंतिम फेरी रंगात आली होती. दोन मशीन, दोन पडदे, भोवती दोन-तीनशे माणसं. ठोकळे आता पावसासारखे पडत होते. सरांची मिशी घामानं चिकटली होती, इस्त्रीचा शर्ट पाठीला लागला होता. डावीकडं एक अरुंद उभी खाच त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवली होती आणि लांब ठोकळ्याची वाट बघत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी मनीषा मेत्री. माझ्या नावावर कोण खेळतंय?"

तो आवाज सरांनी ती दीड वर्षांची असल्यापासून ऐकला होता. आणि नेमका त्याच वेळी वरून लांब ठोकळा आला. पुढं आयुष्यभर सरांना जे आठवून कानशिलं तापत राहिली ते हेच. लाज वाटायच्या आधी हातानं तो ठोकळा फिरवला आणि खाचेत बरोबर बसवला. चार ओळी एकदम नाहीशा झाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात सर मागं वळले.

खाली मनीषा उभी होती, तिच्या मागं साधना, आणि साधनाच्या मागं टाचा उंचावून कट्टी. मोठ्या पडद्यावर मनीषाचा फोटो होता. फोटोखाली मेत्री सर होते.

"अप्पा?" मनीषा म्हणाली.

"एन री, काय हो हे, मेत्री?" कट्टी म्हणाले. "मित्र कुठाय?"

साधनानं पदर खांद्यावर नीट ओढला, शाळेत मुख्याध्यापिका वर्गात शिरण्याआधी ओढते तसा. ती होतीच मुख्याध्यापिका.

विनायक मध्ये आला. त्याला काय घडलंय ते हळूहळू कळत गेलं आणि कळल्यावर तो घाबरला. "सर, हे रिटनमध्ये लागेल. काय झालं ते लिहून द्या. फॉरमॅट मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," सर म्हणाले.

व्यासपीठाच्या कडेला खुर्ची टाकून सरांनी गुडघ्यावर कागद घेतला. 'मी खाली सही करणार यशपाल भीमराव मेत्री, वय ५२, लिहून देतो की मी आज रोजी कु. मनीषा मेत्री हिच्या नावावर, तिच्या संमतीशिवाय व तिला अंधारात ठेवून...' हा मजकूर त्यांनी अकरा वेळा दुसऱ्यांकडून लिहून घेतला होता. 'अंधारात ठेवून' हे शब्द लिहायला इतके जड जातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यांच्याकडून लिहून घेतलं त्यातला एक पोरगा या शब्दाशी फार वेळ अडखळला होता, आणि सर त्याला म्हणाले होते, "लवकर आटप, मला बस आहे." तो पोरगा आता कुठं असेल, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून कट्टींनी न विचारता सही केली.

परतताना गाडीत कट्टी उणकलपर्यंत बोलत होते: नोटरी केली असती तर ही वेळ आली नसती, वगैरे. मग आरशात त्यांना मागच्या सीटवरचे तीन चेहरे दिसले असावेत, कारण तेही गप्प झाले. नवनगर मागं पडलं. साधनानं सरांच्या मांडीवरचा डबा घेतला, उघडून पाहिला. तसाच होता. तिनं झाकण लावलं.

रायापूरचं वळण आल्यावर मनीषा बोलली. खिडकीबाहेर बघतच. "अप्पा, मी रागावले नाही. मला येताना रस्ताभर वाटत होतं की माझी दोन वर्षं गेली. कुणीतरी नेली." थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्ही खेळायला मिळावं म्हणून मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

त्या संध्याकाळी सरांनी दोन गोष्टी केल्या. पुंडलिकच्या दुकानात जाऊन मनीषाची सगळी माहिती आपल्या डोळ्यांसमोर त्याच्या संगणकावरून पुसून घेतली. 'परत लागली तर?' असं पुंडलिक विचारत होता, तर सर म्हणाले, "परत ती स्वतः येईल." आणि मग त्यांनी प्राचार्यांच्या नावे स्वतःविरुद्ध दीड पानी अहवाल लिहिला.

सोमवारी प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. "मेत्री, यावर कारवाई कुठल्या नियमाखाली करू?"

"तोच शोधतोय, सर. सापडत नाही."

"मग सापडेपर्यंत कामाला लागा," असं म्हणून प्राचार्यांनी कागद परत दिला. शिक्षा मिळाली असती तर एकदाचं मिटलं असतं. आता तो कागद कुठल्या फायलीत लावायचा हेही सरांना कळेना.

आणि मंगळवारी पेपर आला.

मॉलवाल्यांच्या प्रसिद्धीच्या माणसानं बातमी अंतिम फेरीच्या आधीच पाठवून दिली होती. पाचव्या पानावर मथळा होता: 'महिला गटात धारवाडच्या मनीषा मेत्रीची अंतिम फेरीत धडक'. खाली फोटो. फोटोत घामेजलेल्या मिशीचे, जीभ किंचित बाहेर काढून लाल गोळ्याला भिडलेले मेत्री सर. फोटोखाली ओळ: 'एकाग्र मुद्रेत कु. मनीषा'.

साधनानं पेपर वाचला आणि टेबलावर ठेवला. मनीषानं उचलला. सर भिंतीला टेकून उभे होते. मग तिचे खांदे हलू लागले. सरांना वाटलं रडते आहे, आणि ते एक पाऊल पुढं झाले. ती हसत होती. दोन महिन्यांत त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. हसता हसता तिला उचकी लागली, साधना पाणी घेऊन आली, आणि पेपरकडं नजर जाताच तिच्या हातातलं पाणी सांडलं.

सरांनाही हसू येऊ लागलं होतं. तेवढ्यात मनीषानं डोळे पुसले आणि म्हणाली, "अप्पा, आता हे सगळ्यांना तुम्ही सांगायचं. एकेकाला. माझ्या नावाचं अभिनंदन मी घेणार नाही."

सकाळपासून लोक येतच होते. साधनाच्या शाळेतल्या शिक्षिका पेढे घेऊन आल्या. फोटो कुणी नीट बघितला नव्हता, मथळा सगळ्यांनी वाचला होता. सर दारातच उभे राहून प्रत्येकाला सांगत होते: ती मी नव्हे, म्हणजे ती मी, मनीषा नव्हे. ऐकणारा आधी हसे, मग त्यांच्याकडं बघून हसू गिळे, आणि 'असू दे, असू दे' म्हणत चपला घाली. त्या 'असू दे'नं सर दर वेळी इंचभर खचत गेले. दुपारपर्यंत गल्ली संपली. कट्टींनी पुढच्या दोन गल्ल्या आधीच उरकल्या होत्या, तेवढी त्यांची मदत झाली.

मग मनीषाच्या क्लासच्या संचालकांचा निरोप आला. मोठे करड्या शिस्तीचे गृहस्थ. अभ्यास सांभाळून खेळातही नाव काढणाऱ्या विद्यार्थिनीचा शनिवारी सगळ्या बॅचसमोर सत्कार करायचा आहे, लगेच फोन करावा.

"हा शेवटचा," मनीषा म्हणाली आणि फोन वडिलांच्या हातात दिला. आपण टेबलाशी जाऊन पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही.

सरांनी घसा साफ केला. काय बोलायचं ते मनात घोळवलं: माझी मुलगी निर्दोष आहे, दोष सर्वस्वी माझा आहे, सत्कार कृपया रद्द करावा. तीन वाक्यं. सरळ, स्वच्छ. सकाळपासून वीसेक जणांना सांगून झाल्यामुळं आता ती तोंडपाठ होती. पलीकडं फोन उचलला गेला. "येस?" असा खर्जातला आवाज आला. सर नकळत सावधान उभे राहिले.

"नमस्कार, सर," ते म्हणाले. "मी मनीषा मेत्री बोलतोय."